नावाला पुरेल एवढी जागा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, कार्यालयातले सगळे सहकारी, दवाखान्यातून आवर्जून आलेले पाहुणे, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागे भिंतीला टेकून उभी असलेली तरुण मंडळी, सगळ्यांना माझा नमस्कार.

आमचे हे आज निवृत्त होत आहेत. घरच्यांनीही दोन शब्द बोलावेत, असं अध्यक्षसाहेब म्हणाले, तेव्हा यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे, तू बोलू नकोस, असं पाहिलं. पण मी लिहूनच आणलं होतं. हे मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान आहे. पाठ कोरी होती, टाकायची कशाला?

मी मॅट्रिक शिकलेली, घरचा हिशेब ठेवणारी बाई. कॉम्प्युटरमधलं मला काय कळणार? पण एकतीस वर्षं एका माणसाला डबा भरून दिला की त्याचं कामही थोडंथोडं कळायला लागतं. आधीच्या वक्त्यांनी सांगितलं, यांनी मोठमोठे प्रोग्रॅम लिहिले. लिहिले असतील. माझ्या समजुतीप्रमाणे यांचं काम एकच. पडद्यावर जिथे नाव यायचं, तिथे त्याला पुरेल एवढी जागा करून द्यायची. त्या जागेला हे लेबल म्हणतात. तरुण मंडळी हसताहेत. हसा. आम्हीही त्याला एवढंसंच काम समजत होतो.

बावीस वर्षांपूर्वी या कार्यालयानं दवाखान्यासाठी प्रोग्रॅम केला. वॉर्डातल्या नर्सबाईंच्या टेबलावर कॉम्प्युटर, त्यावर रोग्यांची नावं, आणि नावापुढे ज्याचं त्याचं औषध. नावाचं लेबल यांनी ठरावीक रुंदीचं ठेवलं होतं. मावतं का, हे बघायला यांनी स्वतःचंच नाव घालून पाहिलं. आमचं नाव कसं, आटोपशीर. झकास मावलं.

पुढे त्या वॉर्डात दोन जावा एकाच वेळी दाखल झाल्या. आडनाव अर्थातच एक, तेही लांबलचक, आणि दवाखान्यात आडनाव आधी लिहायची पद्धत. लेबल आडनावातच भरलं, पुढचं नाव कापलं गेलं. पडद्यावर दोघी सारख्याच. त्यातून थोरलीला खिडकीचा वारा सोसेना, म्हणून दोघींनी आपापसांत खाटा बदललेल्या. नर्सबाई थोरलीचं इंजेक्शन घेऊन धाकटीपाशी गेल्या. धाकटी म्हणाली, "अहो, मला त्यानं चक्कर आली म्हणून डॉक्टरांनी कालच बंद केलंय. जाऊबाईंचं असेल, बघा जरा."

सुई टोचायच्या आधीच उलगडा झाला. कुणाचं काही वाकडं झालं नाही. पण चौकशी बसली. तोवर दोघी जावा बऱ्या होऊन घरी गेलेल्या, पडद्यावर बघायला काही उरलेलं नाही. चौकशीवाल्यांनी यादी कागदावर छापून घेतली. कागदावर नावं पूर्ण होती. आत नोंद पूर्णच होती हो, कापलं जात होतं ते फक्त पडद्यावर. नर्सबाई सांगत राहिल्या, "मला पुढचं नाव दिसलं नाही." त्यांना उत्तर मिळालं, "मग चष्मा बदला." आणि कामावरून थांबवलं. घरात मिळवत्या त्या एकट्याच.

आजचे अध्यक्षसाहेब तेव्हा यांचे साहेब होते. आमच्या प्रोग्रॅममध्ये दोष नाही, असं पत्र त्यांनी दवाखान्याला दिलं. साहेब, मी तुम्हाला बोल लावत नाही. तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. ठाऊक होतं ते एकट्या यांना.

रविवारची दुपार होती. मी देवापुढे बसले होते. हे येऊन शेजारी बसले. एरवी हे काही देवापुढे बसणाऱ्यातले नाहीत, म्हणून मीच विचारलं, "अहो, झालं काय?"

"माझ्या लेबलमुळे त्या बाई घरी बसल्यात."

"तुम्हाला कुणी विचारलं का?"

"नाही."

"मग न विचारता सांगायचं कशाला? कुणाला इजा झाली नाही, देवानं सांभाळलं म्हणा आणि गप्प राहा."

हे म्हणाले, "त्या जावांना देवानं सांभाळलं. नर्सबाईंचं माझ्यावर सोडलं असेल तर?"

मी म्हटलं, "आणि तुमची नोकरी गेली तर आम्हाला कोण सांभाळणार, तेही विचारून घ्या त्याला."

हे मी आज पहिल्यांदाच घराबाहेर बोलते आहे.

सोमवारी हे डबा न घेताच गेले. साहेबांना सांगितलं, दवाखान्यात जाऊन त्या दोन जावांची नावं पुन्हा पडद्यावर घालून दाखवली. आठ दिवसांत नर्सबाई कामावर आल्या. साहेब चार महिने यांच्याशी धड बोलत नव्हते, पण यांना कामावरून काढलं नाही. ते आमचं घर विसरलेलं नाही.

मग यांनी लेबल नव्यानं केलं. आधी नाव मोजायचं. या वळणाच्या, या आकाराच्या अक्षरांत ते किती रुंद होईल, हे कॉम्प्युटरलाच मोजायला लावायचं. दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक सोडायची आणि लेबल तेवढं रुंद करायचं. पडद्याची जागाच संपली, तर नाव दुसऱ्या ओळीत घेऊन लेबलची उंची वाढवायची. नवं लेबल घेऊन हे मोठ्या उत्साहानं नर्सबाईंकडे गेले, तर तिथे नाव पुन्हा कापलेलं. त्यांनी नीट दिसावं म्हणून आपल्या कॉम्प्युटरवर अक्षरं मोठी करून घेतली होती. यांनी मोजली होती आपल्या टेबलावरची अक्षरं. नर्सबाई म्हणाल्या, "साहेब, माप स्वतःचं घेतलंत आणि कपडा मला शिवलात होय?" तेव्हापासून यांचं लेबल कुणी अक्षराचा आकार बदलला की पुन्हा माप घेतं.

ते काम पार पडल्यावर नर्सबाई आमच्या घरी आल्या. माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "वहिनी, घरची बाई पाठीशी नसती, तर कुठला माणूस आपणहून चूक कबूल करतो? हे तुमचे उपकार." हे शेजारीच उभे होते. मी म्हटलं, "अहो, त्यात काय एवढं," आणि चहा टाकायला आत निघून गेले.

बावीस वर्षं त्या कुठेही भेटल्या की माझा हात हातात घेतात. आत्ता दारातही घेतला. आणि बावीस वर्षांत यांनी एकदाही, अगदी आमच्या भांडणातसुद्धा, "तू काय म्हणाली होतीस ते आठव," असं मला ऐकवलं नाही. यांच्याविषयी मला सांगायचं होतं ते एवढंच. पण ते सांगायचं, तर माझं लपवून कसं सांगणार?

नर्सबाई, तुम्ही दुसऱ्या रांगेत बसल्या आहात. मी यांच्या पाठीशी नव्हते. मी यांना अडवत होते. तुमचे आभार यांचे होते, मी ते उगाच घेत राहिले.

बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर पोटात घाला, असं मी सभेला म्हणू शकते, आणि म्हणते. नर्सबाईंना तसं म्हणायचा मला अधिकार नाही. बाई, माझं चुकलं. तुम्ही मनात राग धरलात, तरी मी वाईट वाटून घेणार नाही.

अध्यक्षसाहेबांनी बोलू दिलं, तुम्ही सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, आणि यांनी मला मधेच खाली बसवलं नाही. सर्वांची मी ऋणी आहे. नमस्कार.