जमिनीवर राहायची सवय

मी मूळचा खडवलीचा. वडील तिथे शाळेत मास्तर, आणि घराण्यात माझ्याआधी कोणी गच्चीपेक्षा उंच गेलेलं नव्हतं. हवाई दलात निवड झाली तेव्हा आई शेजारणींना सांगत सुटली की आमचा विमानावर ड्रायव्हर म्हणून लागला, आणि काय सांगू तुम्हाला, पुढे ग्रुप कॅप्टन होऊन निवृत्त झालो तरी तिच्या लेखी मी ड्रायव्हरच.

मालवाहू विमानं उडवली मी. लेहला रसद घेऊन जायचो, तिथे सकाळी उतरून सकाळीच निघायचं, ऊन चढलं की हवा बिघडते. ती सवय इतकी भिनली की अजून कुठे लग्नाला गेलेलो असलो तरी ऊन चढलं की मला निघावंसं वाटतं, मग बायको, सुषमा, म्हणते, अहो, अजून अक्षता पडायच्यात. पण एक सांगतो, हुद्दा वाढतो तसं विमान लांब जातं. शेवटी शेवटी तर मी फायलीच उडवत होतो, आणि बसल्या जागी चैन न पडून येरझाऱ्या घालायची सवय लागली ती तेव्हाच.

आता वर्तकनगरला राहतो. गाडी काढायची तर आधी तिच्याभोवती फेरी मारतो, टायर बघतो, खाली वाकून तेल गळतंय का बघतो, विमानाचं तसंच करतात ना. वॉचमन विचारतो, साहेब, काय हरवलं का. समोरच्या बिल्डिंगीतल्या वाळत घातलेल्या साड्या बघून वारा कुठला ते सांगतो, कोणी विचारत नाही तरी.

तर झालं असं. आमच्यात विमान दुसऱ्याच्या हाती देताना मोठ्याने सांगतात, आता तुझ्याकडे, आणि तो मोठ्याने म्हणतो, आता माझ्याकडे. मग पहिल्याने हात लावायचा नाही. निवृत्त झालो तेव्हा मी ऐटीत सुषमाला म्हटलं, पुढे कुठे राहायचं ते आता तुझ्याकडे. ती म्हणाली, माझ्याकडे. तिला कुठे शाळेत नोकरी लागली की माझी बदली यायची, म्हणून तिने हे घर निवडलं आणि जवळच्याच शाळेत गणित शिकवायला लागली. आणि गेल्या महिन्यात मला विदर्भातून फोन आला, विमान उडवायला शिकवणाऱ्या एका शाळेचा, की पोरांना शिकवायला याल का, बंगला देतो, दोघं या. मी एका श्वासात हो म्हणून मोकळा, दोघांच्या वतीने.

सुषमा वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, विमान माझ्याकडे होतं ना, मग तुम्ही हात कसा घातलात. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठी शिवी नाही हो.

मग काय, मी आपला आतल्या खोलीतून बाहेर, बाहेरून आत. शेवटी तीच म्हणाली, अहो, जा तुम्ही, नाहीतर फरशी झिजेल. पण माझी दहावीची मुलं आहेत, मी येणार नाही, पुढेही येणार नाही, हे धरून जा. मी परत फोन केला, म्हटलं एकटाच येतोय, बंगला नको, खोली चालेल.

सोमवारी निघतोय. बॅग भरली, उघडली, परत भरली. उडायला मिळणार म्हणून झोप नाही, आणि हिला सोडून जायचं म्हणूनही नाही. आजवर सगळी सरकारी क्वार्टर्स, निघताना किल्ली परत करायची आणि मागे वळून बघायचं नाही. काल सुषमाने हातावर किल्ली ठेवली, म्हणाली, सुट्टीवर याल तेव्हा मी शाळेत असेन, दारात ताटकळत बसू नका.