हार घातलेलं यंत्र

मंडळी, सावकाश बसा. मागच्यांनी जरा पुढं सरका, इथं जागा आहे. आज मला तुम्हाला एकच विचारायचंय. एखादी गोष्ट आपण जिवापाड जपतो, पुसतो, रोज तिला नमस्कार करतो — पण ती ज्या कामासाठी आली, त्या कामाला तिला हात लावू देत नाही. ही भक्ती म्हणायची, की भीती? लगेच माना डोलवू नका! आधी ऐका.

निंबखेड नावाचं गाव. तिथं सरकारी आयटीआय. प्राचार्य गुणवंतराव सोनटक्के. माणूस सज्जन हो! पोरांनी डबा आणलाय की नाही, हेसुद्धा विचारणारा. आता सरकारनं ठरवलं — शिक्षण बदलायचं! विद्यापीठांत नवे अभ्यासक्रम, आयटीआयमध्ये नवी यंत्रं! घोषणा झाली, आणि नवल म्हणजे — यंत्र खरंच आलं! हसू नका तात्या, येतात कधीकधी.

कसलं यंत्र? संगणकावर चालणारी लेथ. लोखंडाचा गज आत लावायचा, आकडे द्यायचे. गज गरगर फिरतो आणि पातं त्याला हवा तसा कापतं. सरांनी यंत्राची पूजा केली. हार, नारळ, कुंकू! इथवर सगळं छान. मग यंत्र शिकवणारे फुलारी सर म्हणाले, "सर, उद्यापासून पोरांना चालवायला देतो."

सोनटक्के सर दचकले. "अहो, मोडलं म्हणजे? चौकशी लागेल! मी रिटायरमेंटला आलोय. आधी फळ्यावर नीट शिकवा. मग बघू."

मग बघू! मंडळी, या 'मग बघू'नं किती संसार, किती संस्था जागच्या जागी बसवून ठेवल्यात! यंत्रावर मखमलीचा पडदा आला. रोज ताजा हार आला. दाराबाहेर पाटी लागली — पादत्राणे बाहेर काढावीत. पोरं यायची, हात जोडायची, अनवाणी उभी राहून लांबून बघायची. वरून साहेब आले की पडदा बाजूला, दिवे चालू, मोटार जराशी घुं घुं! साहेब म्हणायचे, "वा! सुधारणांची प्रगती उत्तम आहे." साहेब गेले की पडदा पुन्हा खाली.

त्याच वर्गात होती प्रतीक्षा दहातोंडे. वडील टेम्पो चालवायचे, आणि भेटेल त्याला सांगायचे, "आमची पोरगी मशीन चालवणार!" पोरगी हुशार. फळ्यावरचं सगळं तोंडपाठ. एकदा शिकाऊ उमेदवार म्हणून कंपनीत निवड झाली की पुढची वाट मोकळी, एवढं तिला पक्कं माहीत होतं. पण कंपनी वर्षातून एकदाच यायची.

आली कंपनी. जोगळेकर मॅडम आल्या. "निवड तुमच्याच यंत्रावर करू," म्हणाल्या. आता आली का पंचाईत! पहिलं नाव पुकारलं प्रतीक्षाचं. ती दारात आली, पायातले जाड बूट काढले, नीट बाजूला ठेवले, आत गेली, यंत्राला नमस्कार केला आणि उभी राहिली.

मॅडम बघतच राहिल्या. "अगं, बूट का काढलेस?"

"मॅडम, इथं काढतातच."

"अनवाणी कुणी मशीनपाशी उभं राहतं का? तापलेला लोखंडाचा कीस पायावर पडला म्हणजे? जा, घाल आधी. आणि हा गज लाव."

तिनं बूट घातले. गज हातात घेतला. लावायचा कुठं? कसा आवळायचा? तिनं फुलारी सरांकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. शेवटी पोरगी म्हणाली, "मॅडम, मला याची पूजा येते. चालवता येत नाही."

बुवा, पेटी जरा थांबवा. हे वाक्य ऐकू द्या सगळ्यांना.

मॅडम रागावल्या नाहीत. पर्स उचलली. "सर, यंदा इथून मला कुणालाच घेता येणार नाही," एवढं बोलून गेल्या. तेवढ्यात वडील टेम्पो घेऊन आले. "झालं का गं काम?" — "नाही, बाबा." पोरगी टेम्पोत बसली. सोनटक्के सर व्हरांड्यात उभे होते. त्यांनी ते ऐकलं, आणि त्या माणसाला जेवण गेलं नाही.

सकाळी सरांनी स्वतःच्या हातानं पडदा काढला, पाटी काढली. "प्रतीक्षा, बूट घालूनच आत ये. चालव."

"सर, मोडलं तर?"

"मी आहे ना. चालव."

फुलारी सर शेजारी उभे. गज लागला, आकडे दिले, मोटार फिरली. पण पोरीचा एक आकडा चुकला, पातं खोल गेलं आणि — टक्! पात्याचं टोक उडालं! सगळ्या वर्गाचे डोळे सोनटक्के सरांकडं. सरांना घाम फुटला होता, मंडळी. त्यांनी कपाट उघडलं, नवं टोक काढलं, तिच्या तळहातावर ठेवलं. "हे लाव. कपाटात अजून आहेत."

आणि चौकशी? अहो, कुणी साधा फोनसुद्धा केला नाही!

पुढच्या वर्षी कंपनी आली, प्रतीक्षाची निवड झाली. टाळ्या वाजवताय? वाजवा. पण तिचं एक वर्ष गेलं, ते तिला कुणी परत दिलं? तरण्या पोरीचं वर्ष असं वाया जावं, याचं मला फार वाईट वाटतं. सरकारनं यंत्र पाठवलं होतं. सज्जन माणसानं ते जपलं होतं. आणि ती तेवढी रिकाम्या हातानं घरी गेली होती.

म्हणून सांगतो — उद्या सकाळी आपल्या गावच्या शाळेत जा. संगणकाची खोली उघडायला सांगा. भांडू नका, प्रेमानं सांगा. "किल्ली सापडत नाही" म्हणाले तर दारातच बसा आणि भजन धरा. किल्ली सापडेपर्यंत उठायचं नाही! चला, आवाज बघू तुमचा, आत्ताच तयारी करू — उचला टाळ, घ्या देवाचं नाव!