घरचीच मुलाखत

ऑपरेशन थिएटरबाहेर बायकोसाठी ताटकळलेल्या ड्रायव्हरच्या कानावर मागच्या बाकावरचं बोलणं पडत होतं. एक तरुण होता आणि बसक्या, घोगऱ्या आवाजाची त्याची आत्या.

"आत्या, चारच प्रश्न. रेकॉर्डर लावू?"

"रेडिओच्या बातम्यांवर पीएचडी करतोस. साऱ्या जगाच्या मुलाखती घेऊन झाल्या, आणि जन्मभर बातम्या वाचलेली आत्या आज आठवली होय रे?"

"विसरलो नव्हतो गं. म्हटलं, तू काय, घरचीच. शेवटचं प्रकरण तुझ्यावर निवांत लिहू."

"मीही म्हटलं, विचारेल कधीतरी. तू यायचास, जेवायचास, जायचास."

"तुझ्या जुन्या टेप तरी असतील ना?"

"त्याच टेप पुन्हा वापरायचे तेव्हा. माझ्यावर गाणी चढली."

"डॉक्टर काय म्हणाले? ऑपरेशननंतर थोडं तरी..."

"स्वरयंत्रच काढणार म्हटल्यावर नंतर कसलं बोलणं?"

"मग आत्ता बोल. लावलाय बघ."

तिनं घसा खाकरला. ड्रायव्हर नकळत सावरून बसला.

"नमस्कार. आजच्या ठळक बा..."

खोकल्याची उबळ थांबायला बराच वेळ लागला.

"पुन्हा घेऊ, आत्या?"

"पूस ते, बाळा. हा माझा आवाज म्हणून ठेवू नकोस."