चौथं नोझल

माझं माहेर कोरेगावच्या पलीकडचं, घरात पिठाची गिरणी, आणि गिरणी म्हणजे काय तर डिझेलवर चालणारं एक काळंकुट्ट इंजिन, त्याच्या भिंतीला पाठ लावूनच मी लहानाची मोठी झाले, ते जरा खोकलं तरी मला झोपेत कळायचं. वडील म्हणायचे, पोरीचे कान फुकट चाललेत. फुकट कसले, त्याच कानांनी माझा घात केला, तेच सांगते तुम्हाला.

लग्न झालं फौजीशी. आमचे हे फौजेत गाड्यांचे मेकॅनिक, सगळी नोकरी इंजिनांच्या धडधडीत गेली, शेवटची पोस्टिंग लखनऊ छावणीत. रिटायर झाले तेव्हा इथं घराघरावर केबलच्या तारा चढत होत्या. मी तर मनानं साताऱ्याला पोचलेसुद्धा होते. काय ती तेव्हाची मी! चाळिशी उलटलेली बाई, पितळेचे डबे गोणपाटात शिवून बसली, आणि शेजारणींना ऐकवायची, हमारे उधर ऐसी गर्मी नहीं पड़ती, हमारे उधर का पानी मीठा. जसं काही कृष्णा नदी हिनंच खणली.

आणि यांनी काय केलं, तर लिलावात एक जुना ट्रक घेतला. लखनऊच्या कडेला चिनहटला भाड्याचं घर, समोर मोकळी जागा, तिथं ते धूड उभं, वीटभट्टीचा माल वाहायचा म्हणे. मला म्हणाले, चालला तर राहू, नाही चालला तर कबाड्याला देऊ आणि गावी जाऊ. बस्स, त्या दिवसापासून तो ट्रक माझी सवत. त्याच्या धुरानं माझ्या वाळत घातलेल्या चादरी काळ्या व्हायच्या, मी धुवायची, परत काळ्या, परत धुवायची, दंड गळून गेले बाई माझे. देवापुढं हात जोडून म्हणायची, सगळ्यांना सुखी ठेव आणि ट्रक तेवढा बंद पाड.

देवानं ऐकलं. ट्रक मिस मारायला लागला, म्हणजे सहातला एक सिलिंडर कामच करेना, चढावर जीव जायचा त्याचा. भट्टीवाला म्हणाला, फौजी साहब, उद्या माल उचलला नाही तर दुसरी गाडी लावतो. हे म्हणाले, नोझल गेलंय, म्हणजे इंजिनात डिझेल फवारतं ते, मी घरीच बदलतो, आणि नाही जमलं तर विकून टाकू, झालं एवढं पुरे. मी तोंड पाडून म्हटलं, बरं, आणि आत येऊन उरलेली भांडी पुसायला घेतली.

नवीन नोझल एकच मिळालं होतं. खराब कोणतं ते शोधायची रीत अशी, इंजिन चालू ठेवायचं आणि एकेका नोझलच्या पाइपचा नट जरा ढिला करायचा, आवाज बसला तर ते चांगलं, आवाज होता तसाच राहिला तर तेच खराब. समोर शेजारची मिश्राइन खाटेवर मटार सोलत बसलेली, फुकटचा तमाशा. यांनी एकेक नट ढिला केला, मान वाकडी करून ऐकल्यासारखं केलं आणि दुसरं नोझल काढलं. मला स्वयंपाकघरातून कळलं होतं, चौथं आहे म्हणून. मी मुद्दाम गप्प बसले. तांब्याचा नवा वायसर घालून यांनी नवं नोझल बसवलं, इंजिनाचा हातपंप मारून मारून पाइपातली हवा काढली, घामानं भिजले, चालू केलं, तर तेच रडगाणं.

परत नट ढिले करायला लागले. मी चहा घेऊन बाहेर आले, तर काय सांगू, हे इंजिनाकडं बघतच नव्हते. नट ढिला केला की माझ्या तोंडाकडं बघायचे. पुन्हा नट, पुन्हा माझं तोंड. या माणसाला ऐकू येत नाही. कधीपासून येत नव्हतं कुणास ठाऊक.

तेवढ्यात मिश्राइन म्हणाली, भैया, मिस्त्री बुला लो, आपसे न होगा. आणि माझी जीभ सुटली, अहो, चौथं! लोकांना वाटेल प्रेम, कसलं प्रेम, मिश्राइनचं हसणं मला सोसलं नाही एवढंच. अरे वाह, भाभीजी तो खुद मिस्त्री निकलीं, असं म्हणून ती आणखीच हसली. यांनी दुसऱ्यातलं नवं काढून चौथ्यात घातलं, जुनं परत दुसऱ्यात, परत वायसर, परत हवा काढली. मला केबिनमध्ये बसवलं, मी चावी फिरवली.

धूर तर येतच होता, सुरुवातीला येतोच. पण आवाज, अगदी माझ्या वडिलांच्या गिरणीसारखा, एकसारखा. मला कळलं, यांना नाही. हात पुसत खिडकीशी आले आणि विचारलं, काय म्हणतंय?

एक नाही म्हणायचा अवकाश होता. नाही म्हटलं असतं तर त्या आठवड्यात साताऱ्याच्या गाडीत बसलो असतो. आणि ते कसे उभे होते सांगू, निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी पोरगं उभं राहतं तसे. मी म्हटलं, झ्याक चाललंय. ओठ मोठे मोठे हलवून म्हटलं, त्यांना दिसावं म्हणून.

झालं, राहिलो. पुढं बरीच वर्षं ट्रक चालला, मग तोही कबाड्याकडं गेला. आमचा मुलगा आता इथंच, लखनऊच्या गोमती नगरात असतो, नातू सुट्टीला येतो, मी मराठीत विचारते, तो म्हणतो, हाँ आजी, खा लिया. ऐकू येत नाही हे यांनी मला आजवर सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मुलानं कानाचं मशीन आणलं, ते कपाटात. दार वाजलं की माझ्याकडं बघतात, मी मान हलवली की उठतात. दोघांच्या वाटचं ऐकून ऐकून थकले बाई मी. पण हे आहेत तोवर माझे कान शाबूत राहू देत, दुसरं काही मागत नाही. तुमच्याही घरात ऐकणारं कुणी असू दे.