खेळ बंद पाडणारा बाप

तुम्ही मला हुशार कारागीर म्हणता ना, मग आमच्या चैतूने माझी कशी जिरवली ते ऐका. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. भिंत धरल्याशिवाय तोल राहायचा नाही. म्हणून फिजिओथेरपीवाल्या गुजराती ताई, आम्ही त्यांना बेन म्हणतो, तिला एका फळीवर उभं करून टीव्हीवर गेम खेळायला लावतात. अंग डावीकडे झुकवलं की पडद्यावरची गाडी डावीकडे वळते.

परवा चैतू एकदम झुकली. मी बावीस वर्षं कापड विणायच्या लूमवर काढलेला माणूस. धागा तुटला की हात आधी स्विचवर जातो. तसाच गेला. गेम बंद!

चैतू कडाडली, "पप्पा, मी पडत नव्हते! वळत होते! शेवटचं वळण होतं!"

बेन हसल्या. "भाऊ, तुम्हीच खेळून बघा."

चैतूला भिंतीशी उभं करून मी फळीवर चढलो. दुसऱ्याच वळणाला तोल गेला. बेन धरायला धावल्या, तशी चैतू ओरडली, "बेन, धरू नका! धरलं तर शिकणार नाहीत ते!"

मी धपकन आपटलो. खालून वर बघतो, तर पोरगी भिंत सोडून, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी!