तुडुमाची चौकट

गुरुजी : दाब आणखी. मोडत नाही. सांग, या चार कामट्यांच्या आयताचं काय झालं?

गंगा : कलला, गुरुजी.

गुरुजी : बाजू बदलल्या?

गंगा : नाई. समोरासमोरच्या सारख्याच हायेत.

गुरुजी : मग बिघडलं काय? उद्या शाळा तपासायला डिप्टीसाहेब येतील, हेच विचारतील, आणि तू माझ्या तोंडाकडं पाहत बसशील.

गंगा : कोन बिघडले. कोपऱ्यातून कोपऱ्यात सुतळी लावली तं एकीकडून पुरत नाई, एकीकडून उरते.

गुरुजी : शाब्बास! कर्ण सारखे नाहीत, म्हणजे आयत नाही. नुसत्या बाजू मोजून ते कळत नाही.

गंगा : पर आमचा बा तं बाजूच मोजते.

गुरुजी : कशाच्या?

गंगा : तलावाचं पानी सोडाचं तुडुम हाये ना, त्याच्या चौकटीच्या. पानी अडवाची फळी त्यात अडकली. आज्याच्या गाठीच्या दोरीनं चारी बाजू जुळल्या, म्हनून चौकट चांगली म्हने. फळी फुगली, घन मारून काढतो म्हने.

गुरुजी : कधी?

गंगा : आजच. तलावाकडचं तोंड मातीनं बुजवलं अन् उतरला खाली. धान वाळून राहिले ना.

गुरुजी : पाटी दे तुझी. या कललेल्या आयतात खुपस. बसली?

गंगा : घट्ट अडकली.

गुरुजी : दाब वरून.

गंगा : हालत नाई.

गुरुजी : दाबूनच ठेव. मी पाटी काढतो.

गंगा : माय वो! चौकट चपटीच झाली! ...गुरुजी, तुडुमाच्या चौकटीवर तलावाची पाळ हाये. समदी माती.

गुरुजी : ऊठ. पाटी राहू दे, ऊठ!

(तलावाची पाळ. गंगाचा बाप दुधराम खाली, तुडुमाच्या खड्ड्यात.)

गंगा : बा! फळीले हात लावू नको!

दुधराम : शाळा सोडून काऊन आली वो? अन् गुरुजीबी?

गुरुजी : दुधराम, वर या. चौकट कललीय. फळीनंच धरून ठेवलीय तिला.

दुधराम : चारी बाजू मोजल्या ना मी. माह्या बापाची दोरी खोटी हाये का?

गंगा : कोपऱ्यातून कोपऱ्यात नाई ना लावली!

दुधराम : थांब, तेबी लावतो.

गुरुजी : मोजू नका! आधी वर या!

दुधराम : इकडून उरली... अन् इकडून...

गंगा : बा?

दुधराम : पुरत नाई.

गंगा : वर ये ना, बा.

दुधराम : गुरुजी, पोरीले पाळीवरून उतरवा. फळी मी मघाच काढली हाये.