भिंतीला कान लावून

धाकटी — नाही जाऊबाई, बेटावर नुसते पफिन पक्षी बघायचे असतील तर चार दिवस पुष्कळ झाले. पण आपण दहा दिवस राहणार आहोत. का, ते विचारा.

थोरली — का?

धाकटी — बेटावरच्या रखवालदार बाईंनी आपल्याला काम दिलंय.

थोरली — काम? अगं, तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हजेरी लावली. आता अटलांटिकमध्ये जाऊन पुन्हा लावू?

धाकटी — ऐका तर. बेटावर जुन्या दगडी भिंती आहेत, मेंढ्यांसाठी रचलेल्या. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. त्या फटींत एक पाखरू अंडं घालतं. स्टॉर्म पेट्रल. आपण वादळपाखरू म्हणू. वजन किती असेल?

थोरली — पावशेर?

धाकटी — पंचवीस ग्रॅम.

थोरली — म्हणजे चिमणीएवढं! आणि राहतं कुठे?

धाकटी — भर समुद्रात. जमिनीवर येतं ते फक्त अंड्यापुरतं. एक जण फटीत बसतो, दुसरा दोन-तीन दिवस समुद्रावर. मग पाळी बदलते.

थोरली — बापही बसतो? हे जरा तुझ्या भावोजींना मोठ्याने सांग.

भावोजी — मी आतून ऐकतोय.

थोरली — ऐकावं म्हणूनच बोलतेय.

भावोजी — मी येणार नाही, एवढं लिहून घ्या. मला तळ्यातल्या होडीतही मळमळतं.

थोरली — तुम्हाला बोलावलंय कोणी? हां, पुढे सांग. ते फटीत, आपण बाहेर. मग मोजायचं कसं? हात घालून?

धाकटी — छे! हात घातला तर अंडं टाकून जाईल. ऐकून मोजतात. भरदुपारी भिंतीपाशी जायचं, फटीशी मोबाइलवर नराची घरघर वाजवायची. आत नर बसला असेल तर तो चिडून उत्तर देतो. जणू म्हणतो, खोली भरलेली आहे, पुढे व्हा. आपण भिंतीला कान लावायचा आणि कागदावर हो किंवा नाही लिहायचं. मग पाऊलभर पुढे.

थोरली — उत्तर नाही आलं म्हणजे खोली रिकामी?

धाकटी — तिथेच तर गंमत आहे! नाही. बाई म्हणतात, त्यांच्याकडे दहांतले चारच उत्तर देतात. बाकीचे ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

थोरली — आपल्या सासरच्या माणसांसारखे.

धाकटी — म्हणून नंतर सगळा आकडा अडीचपट करतात. पण त्यासाठी प्रत्येक ‘हो’ खरं पाहिजे. एक खोटं ‘हो’ म्हणजे नसलेली अडीच पाखरं.

थोरली — हं.

धाकटी — मी दोघींची नावं दिलीत.

थोरली — मला न विचारता?

धाकटी — तुम्ही नाही म्हणाल हे डोक्यातच आलं नाही. बाईंनी एकच विचारलं होतं, कान चांगले आहेत ना? मी लिहिलं, माझे ठीक आहेत. माझ्या जाऊबाई खोकल्यावरून माणूस ओळखतात.

थोरली — मग एका भिंतीशी दोघी बसू.

धाकटी — चालत नाही. एकीचा आवाज दुसरीला लागतो. मध्ये शंभर पावलं सोडायची.

थोरली — मग तू कर ते. मी गॅनेट बघत बसेन. पांढरा शुभ्र, सहा फूट पंख. वरून असा सूर मारतो पाण्यात! मैलावरूनही नजरेतून सुटत नाही. त्याच्यासाठीच तर बेट निवडलं मी.

धाकटी — हेच मला कळत नाहीये. सव्वीस वर्षं आपण झाडीत हिंडतोय. तुम्ही ऐकायचं, मी दुर्बीण वळवायची. मोठं पाखरू दिसलं की तुम्ही नाक मुरडायच्या, यात काय शोधायचंय म्हणून. आणि आता एकदम खडक, लाटा, गॅनेट?

थोरली — माणसाची आवड बदलू नये का?

धाकटी — बदलावी. पण कशी बदलली ते मला कळायला हवं. लॅबमध्ये आयुष्य गेलंय माझं. नमुना बदलला की कारण शोधायची खोड जात नाही.

भावोजी — अगं, ते कपड्यांचं मशीन दहा मिनिटं टीं टीं करत होतं.

थोरली — ऐकतेय हो मी! डोकं उठलंय माझं. आता बाहेर आलाच आहात तर जाऊन बंद करा की.

भावोजी — केलं की. बंद करूनच आलो.

धाकटी — जाऊबाई?

थोरली — काय?

धाकटी — आता कुठलाही आवाज येत नाहीये.

थोरली — हो, तेच. मगाचा म्हणत होते मी.

धाकटी — मगाचा आला होता?

भावोजी — मी हिला सांगितलं होतं, कानाच्या डॉक्टरांकडे...

थोरली — तुम्ही कपडे वाळत घाला.

भावोजी — घालतो.

धाकटी — कधीपासून?

थोरली — तीन वर्षं होतील. जाडे आवाज येतात. तू बोलतेस ते सगळं येतं. बारीक गेलेत.

धाकटी — मग मागच्या हिवाळ्यातला तो वटवट्या? ओढ्याकाठचा? मी विचारलं, आला का? तुम्ही मान हलवलीत.

थोरली — तू इतकी खूश झाली होतीस.

धाकटी — आपला नियम काय आहे? आवाज दोघींना आला तरच पाखराचं नाव वहीत.

थोरली — माहीत आहे. मीच केलाय तो.

धाकटी — मी एखादी स्लाइड न बघता रिपोर्टवर सही केली असती तर तुम्ही मला काय म्हटलं असतंत?

थोरली — घरात घेतलं नसतं.

धाकटी — मग?

थोरली — मग काय! तू कशासाठी यायचीस माझ्याबरोबर? या कानांसाठी. कानच गेले म्हटल्यावर सोबतीला कोणी तरुण बघितली असतीस.

धाकटी — कोण? ती तुमची व्यायामाच्या वर्गातली? तिच्या तोंडापुढे पाखरू टिकेल का?

थोरली — हसवू नकोस.

धाकटी — हसवत नाहीये. मला राग आलाय. तीन वर्षांची वही आता मला तपासत बसावं लागेल.

थोरली — तपासू नकोस. अकरा नावं खोड.

धाकटी — अकराच? हे कसं सांगता तुम्ही?

थोरली — पाठ आहेत मला. तारखांसकट.

धाकटी — अशा पाठ करत बसण्यापेक्षा एकदा म्हणायचं होतं, नाही आला म्हणून.

थोरली — म्हणणार होते. दर वेळी. तू एवढ्या आशेने बघायचीस माझ्याकडे.

धाकटी — बरं. आता नाही बघत. बाईंनी घरघर पाठवलीय सरावासाठी. मी खिडकीकडे तोंड करून बसते, तुम्ही ऐका.

(मोबाइल टेबलावर. घरघर सुरू होते.)

थोरली — पुन्हा लाव.

धाकटी — लावली.

थोरली — येतेय. शेजारच्या घरात शिवणयंत्र चालावं तशी. आणि मग मध्येच थांबते.

धाकटी — थांबते तिथे?

थोरली — तिथे काही आहे?

धाकटी — आहे. उचकी लागल्यासारखं. बारीक.

थोरली — अजून एकदा.

धाकटी — घ्या.

थोरली — नाही. उचकी नाही आली मला.

धाकटी — नक्की?

थोरली — नाही आली गं. कळव त्या बाईंना तसं.

धाकटी — कळवते. घरघर येते, उचकी येत नाही. तेवढ्यावर मोजता येतं का ते त्याच सांगतील.

थोरली — आणि नाही म्हणाल्या तर?

धाकटी — तर माझ्या भिंतीशी बसायचं, गप्प, आणि माझा कागद धरायचा. वारा फार असतो म्हणे तिथे.